गोळेश्वर ते गंगावेस : शाळा सुटल्यानंतरचा प्रवास



प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काशी-रामेश्वर उभे राहते. निदान पंढरपूर-तुळजापूर तरी. मी आज तुम्हांला नेणार आहे ती वाट एवढी लांबची नाही. कऱ्हाडाहून निघायचे आणि कोल्हापूरला पोहोचायचे, झाले. अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. लाल एस.टी.त बसलात तर दोन तासांत रंकाळ्याचा वारा लागतो. माझ्या नोकरीत या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. कधी कृषी प्रदर्शनाला, कधी बियाण्याच्या ट्रकमागे, कधी उसाच्या मेळाव्याला. पण २०२५ च्या जानेवारीत एक आजोबा आणि त्यांचा दहा वर्षांचा नातू यांना बरोबर घेऊन गेलो, तेव्हा हीच वाट मला निराळी दिसली. तीच हकिगत सांगतो. तुमच्याही घरी शाळेत जाणारे मूल असेल, म्हणून सांगतो.

सुरुवात झाली ती एका गोठ्यात. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते गाव तुमचेही असू शकेल. घरी चार म्हशी, तीन एकर ऊस. सकाळ-संध्याकाळ मिळून वीसेक लिटर दूध डेअरीला जाते. एका म्हशीचे फॅट उतरले होते म्हणून मला बोलावले होते. पाच वाजून गेले होते. तेवढ्यात घरचा नातू शाळेतून आला. दप्तर ओट्यावर टाकले, खिशातून चकचकीत पुडा काढला, दातांनी फाडला आणि मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसला. अंधार पडेपर्यंत तो जागचा हलला नाही. हातपाय काड्यांसारखे, डोळ्यांखाली फिकटपणा. आईने शाळेतल्या आरोग्य तपासणीचा कागद दाखवला. रक्त कमी, असे त्यावर लिहिले होते.

घरातली म्हातारी आजी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सायेब, म्हशीचं फॅट कसं वाढवायचं ते तुमी लई चांगलं सांगता. आता ह्या पोराच्या अंगावर मास कसं चढवायचं ते बी सांगा की."

मी हसलो, पण ते हसू मला घरी जाईपर्यंत टिकवता आले नाही. म्हशीला लिटरमागे अर्धा किलो खुराक, हे मी गावोगाव फळ्यांवर खडूने लिहून दिले. उसाला कोणत्या महिन्यात किती खत, हे मला झोपेतही सांगता येईल. पोराला संध्याकाळी काय द्यावे, हे मात्र मी एकाही फळ्यावर लिहिले नव्हते. तीस वर्षे शेतकऱ्याचे उत्पन्न वाढावे म्हणून हिंडलो. उत्पन्न वाढलेही. पण दूध डेअरीला गेले, ज्वारीच्या रानात ऊस आला, परसातला शेवगा आणि पेरू घर वाढवताना तुटला, आणि पोराच्या हातात पुडा आला.

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगायला जड जाते, पण सांगितली पाहिजे. त्या गावात मारुतीच्या देवळाला लागून जुनी तालीम होती. मुले कमी झाली होती, माती सुकली होती. २००१ साली गावात खताची गाडी आली आणि पोती ठेवायला जागा नव्हती, तेव्हा "ती तालीम रिकामीच आहे, तिथे उतरवा" असे मीच सुचवले. चार दिवसांची सोय म्हणून गेलेली पोती तिथून पुढे कधी हललीच नाहीत. तालमीची किल्ली त्या वेळी ज्यांनी काढून दिली, ते या मुलाचे आजोबा. सगळे त्यांना आबा म्हणतात. कान चेपलेले आहेत, म्हणजे ऐन जवानीत मातीत घुसळलेले. किल्ली देताना आबा काही बोलले नव्हते. त्या संध्याकाळीही काही बोलले नाहीत.

मीच म्हटले, "आबा, शनिवारी सकाळची शाळा असते. पोरगं सुटलं की त्याला घेऊन कऱ्हाडला या. आपण तिघे जरा फिरून येऊ."

संक्रांत नुकतीच झाली होती. आबांच्या खिशात तिळाच्या वड्या होत्या. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात, त्या प्रीतिसंगमावर आम्ही थोडे थांबलो. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार केला. मुलाने वडी चघळत विचारले, "संक्रांतीलाच तीळ का खायचे?" थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून, असे आबांनी सांगितले. मी त्यात भर घातली की तिळात हाडे बळकट करणारा चुना भरपूर असतो. आणि खरेच, आपल्या बायाबापड्यांनी भोगीच्या दिवशी बाजरीची तीळ लावलेली भाकरी, हरभरा, वाल, वांगे, गाजर, बोरे अशी सगळ्यांची मिळून भाजी करायची चाल ठेवली, ती उगीच नव्हे. शिवारात त्या महिन्यात जे पिकते ते एका ताटात आणायचे, हे आहारशास्त्रच आहे. आपण ते वर्षातून एक दिवस पाळतो, एवढेच चुकते.

खाशाबांच्या गावात

गोळेश्वर कऱ्हाडाला लागूनच आहे. रस्त्याने जाताना शिवार आणि घरे कुठे संपली आणि गाव कुठे सुरू झाले ते कळत नाही. पण या गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १९५२ साली हेलसिंकीला गेला आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला. खाशाबा दादासाहेब जाधव. वडील पैलवान, आजोबा पैलवान. जन्म १५ जानेवारी १९२६. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ साली लंडनला गेले तेव्हा सहावे आले. तोवर सारी कुस्ती मातीवर झालेली, आणि तिथे खेळायचे होते गादीवर. चार वर्षे पुन्हा कष्ट केले आणि हेलसिंकीला ब्राँझपदक मिळवले. जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही आपापल्या परीने वर्गणी दिली. पदक घेऊन आले तेव्हा त्यांच्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या.

त्यांचे घर आम्ही बाहेरून पाहिले. त्याचे नाव 'ऑलिंपिक निवास'. मुलगा त्या नावाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "आबा, ह्यांच्या घरी पण म्हशी होत्या?"

"शेतकऱ्याचं घर. असणारच की," आबा म्हणाले.

त्यावर मुलगा काही बोलला नाही. पण त्याच्या मनात काही तरी हिशेब चालला असावा, असे मला वाटले.

गावाबाहेर आल्यावर मी त्याला सांगितले की खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, म्हणजे ४४ वर्षे. आणि महाराष्ट्राच्या माणसाला पुन्हा वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसला. तेही आपल्याच भागातल्या, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत. मध्ये ७२ वर्षे गेली. मोठमोठ्या शहरांतून नव्हे, तर अशा शिवारांतून ही पदके आली. त्याचा अर्थ प्रत्येक पोराने पदक आणावे असा नाही. अर्थ एवढाच, की आपल्या मुलांत कस आहे, तो वाया जाऊ नये.

महामार्गाला लागलो. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. उसाने ओथंबलेल्या ट्रॉल्या एकापाठोपाठ एक. रस्त्याच्या दुतर्फा ऊसच ऊस. एके काळी यातल्या कितीतरी रानांत ज्वारी, भुईमूग आणि हरभरा असायचा. मी उसाला नावे ठेवत नाही. त्याने घरे बांधली, मुलींची लग्ने केली. पण बांधावर तुरीची एक ओळ, पाटाच्या कडेला चार झाडे शेवग्याची, परसात पेरू, एवढे ठेवायला ऊस आड येत नाही. तेही आपण ठेवले नाही.

खासबाग आणि तालीम

कोल्हापुरात उतरून आधी खासबाग मैदान पाहिले. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा वाटेत त्यांनी रोमचे प्राचीन मैदान पाहिले आणि तसे आपल्याकडे हवे असे मनात घेतले. १९१२ साली खासबाग उभे राहिले. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, म्हणजे मोठा खोलगट वाडगाच म्हणा. शेवटच्या माणसालाही मातीतली पकड दिसते. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, त्याची आठवण निघून आबा हळहळले. त्या मैदानावर त्यांनी तरुणपणी कुस्त्या पाहिल्या होत्या.

ज्या राजाने राधानगरीचे धरण बांधायला घेतले, त्यानेच तालमींना आसरा दिला, ही गोष्ट शेतकऱ्याने विसरू नये. रानाला पाणी आणि पोराला व्यायाम ही त्याला दोन वेगळी कामे वाटली नाहीत. आम्ही खात्यातल्या माणसांनी मात्र ती वेगळी केली.

तिथून एका जुन्या तालमीत गेलो. दगडी उंबरा, आत थंड अंधार, भिंतीवर मारुतीची आणि शाहू महाराजांची तसबीर, आणि मधोमध लाल मातीचा हौदा. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळलेला असतो. आत शिरताच तो वास येतो. आबांनी चपला बाहेर काढल्या, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि दोन मिनिटे नुसते उभे राहिले.

मोठे पैलवान फावड्याने हौदा खणत होते. माती खणणे हाच पहिला व्यायाम. एका बाजूला शाळकरी मुले होती, आठ ते तेरा वर्षांची. ती शाळा सुटल्यावर येतात. वस्तादांची त्यांना विचारायची रीत मला फार आवडली. मूल आत आले की पहिला प्रश्न, "पोटात काय पडलंय?" कोणी म्हणे भाकरी आणि दूध, कोणी म्हणे केळी. एक जण गप्प राहिला. त्याला वस्तादांनी मूठभर भिजवलेले हरभरे दिले, बाजूला बसवले आणि अर्ध्या तासाने मातीत घेतले. उपाशीपोटी जोर नाहीत आणि गच्च पोटी कुस्ती नाही, हा त्यांचा नियम.

मी वस्तादांना विचारले, "लहान मुलांना खुराक कसला देता? बदाम, तूप, थंडाई?"

ते म्हणाले, "साहेब, इथंच सगळे चुकतात. पैलवान दिवसाला हजार-हजार जोर-बैठका मारतो, त्याला तो खुराक जिरतो. शाळेच्या पोराला बदाम कशाला? बापाला वाटतं, बदाम परवडत नाही म्हणजे व्यायामच परवडत नाही. आणि पोरगं घरी बसतं. त्याला दोन वेळा भाकरी-भाजी, वाटीभर उसळ, एक तांब्या दूध, मूठभर शेंगदाणे एवढं मिळालं तरी बास. आणि ते डबे न् सुया त्याच्या आसपाससुद्धा येऊ देऊ नका."

डबे म्हणजे पावडरीचे, आणि सुया म्हणजे अंग फुगवण्याची इंजेक्शने. हे दुसरे तर विषच आहे, एवढे तुम्हांला ठाऊक असू द्या.

आमच्या मुलाला त्या छोट्या मंडळींनी खेळायला ओढले. कुस्ती नव्हे, नुसती पकडापकडी, कोलांट्या, बेडूकउड्या. दहा मिनिटांत त्याला धाप लागली. तो कडेला येऊन बसला, पाणी प्यायला आणि पुन्हा उठून गेला. आबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घरी ह्याला उठवायला सांगावं लागतं."

दूध कट्ट्यावर

संध्याकाळी गंगावेशीत आलो. इथला दूध कट्टा तुम्ही ऐकून असाल. गवळी मंडळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात ठेवतात. पूर्वीपासून तालमीतली पोरे इथे येऊन दूध पितात. मुलगा डोळे मोठे करून पाहत होता. चार म्हशींच्या घरचा मुलगा. पण म्हशीचे दूध लोक पैसे मोजून उभ्या-उभ्या पितात, हे त्याला नवल वाटले. तो म्हणाला, "आमच्यातलं सगळं कॅनमधी जातं."

आबांनी मान खाली घातली. मीही.

येथे एक सांगून ठेवतो. धारोष्ण दुधाची गोडी मोठी असली, तरी आज आपल्याला ठाऊक आहे की कच्च्या दुधातून क्षय आणि सांसर्गिक गर्भपात यांसारखे रोग जनावराकडून माणसाकडे येऊ शकतात. म्हणून मुलांना दूध द्यायचे ते उकळूनच द्या. कट्ट्यावरच्या एका गवळ्याला मी हे म्हटले, तर तो हसून म्हणाला, "तुमाला तापवून देतो की," आणि खरेच शेजारच्या दुकानातून तापवून आणून दिले.

शेवटच्या एस.टी.ने परत निघालो. मुलगा आबांच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. किणी मागे पडल्यावर आबा म्हणाले, "साहेब, तालमीतली पोती कवा हलवायची?"

पोती हलली, त्यानंतर

पोती फेब्रुवारीत हलली. सोसायटीच्या गोदामात जागा होतीच. कोणी विचारले नव्हते, एवढेच. तालमीची जुनी माती आम्ही वापरली नाही. जिथे वर्षानुवर्षे खते आणि औषधांच्या बाटल्या ठेवल्या, तिथली माती पोरांच्या अंगाला लावता कामा नये. हातभर खोल खणून ती काढली, भिंतींना चुना दिला, दारे-खिडक्या उघड्या ठेवून महिनाभर वारा खेळू दिला आणि मग नवी माती भरली. तुमच्या गावी असे करणार असाल, तर ही काळजी जरूर घ्या.

रोज सव्वापाच ते सात अशी वेळ ठरली. पहिल्या दिवशी सतरा मुले आली. हातपाय धुवायचे, पाणी प्यायचे, घरून आणलेला खाऊ सगळ्यांनी मिळून खायचा, थोडे बसायचे, मग खेळ. विकतचा पुडा आणायचा नाही, हा एकच नियम. सूर्यनमस्कार, दोरीउड्या, लंगडी, सूरपाट्या, खो-खो, हुतूतू. आठवड्यातून दोनदा आबा मातीत उतरतात आणि पकडी दाखवतात. काही पैसा लागत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंग घामेजेल असे हालले पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या गावात ते साठ मिनिटे खेळात कधी संपतात, कळतसुद्धा नाही.

मुलींचा प्रश्न आलाच. "पोरी तालमीत?" म्हणून काही जण अडले. वाद घालत बसलो नाही. मुलींचा खो-खो शाळेच्या पटांगणावर सुरू केला आणि पाळीपाळीने दोन आया तिथे बसू लागल्या. मुलींना वाढीच्या वयात रक्ताची गरज मुलांहून जास्त असते. त्यांनाच घरी ठेवून मुलांना खेळवणे, म्हणजे अर्धे रान कोरडे ठेवून अर्ध्याला पाणी देण्यासारखे आहे.

आता हिशेबाचे बोलू, कारण हिशेबाशिवाय आपल्याला गोष्ट पटत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३२-३३ ग्रॅम प्रथिने लागतात. मूठभर शेंगदाणे, म्हणजे तीस ग्रॅम, यात सुमारे ७ ग्रॅम असतात. एका अंड्यात ६. म्हशीच्या पेलाभर दुधात ७ च्या आसपास. म्हणजे मूठभर शेंगदाणे, एक अंडे आणि पेलाभर दूध हे जवळजवळ सारख्या तोलाचे. ज्या घरी अंडे चालत नाही, तिथे मोड आलेली मटकी किंवा फुटाणे आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, आणि बाजरीत ज्वारी-गव्हापेक्षा लोह जास्त. त्या लोहाचा अंगाला लाभ व्हावा म्हणून जेवणात लिंबाची फोड, आवळा किंवा वर पेरू द्या. आणि जेवणाबरोबर मुलांना चहा देऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. शाळेतून आल्याबरोबर चहा-बिस्किट देण्याची आपली सवय, तीच मोडायची आहे.

त्या घरच्या सूनबाईंनी वहीवर केलेला हिशेब मी पाहिला आणि चकित झालो. घरच्या दोन मुलांना रोज मिळून अर्धा लिटर दूध काढून ठेवायचे, तर महिन्याला पंधरा लिटर. लिटरला पन्नासच्या आसपास धरले तरी साडेसातशे रुपये. दुकानातल्या पुड्यांवर दोघांचे मिळून रोज वीस-तीस रुपये जात होते, म्हणजे महिन्याला सहाशे ते नऊशे. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमी दूध विकून ते पुडंच घेत होतो की!" तेव्हापासून कॅन भरण्याआधी एक तांब्या बाजूला काढला जातो. आधी तांब्या, मग कॅन. घरची आजी त्यावर लक्ष ठेवते.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. पावसाळ्यात मुले सातावर आली. काही जणांना शिकवणीला घातले, काहींना कंटाळा आला. दोघांना अंगावर गजकर्ण उठले, तेव्हा प्रत्येकाचे पंचे-लंगोट वेगळे, रोज धुतलेले आणि खेळून झाल्यावर आंघोळ हा नियम कडक केला. दिवाळीनंतर पुन्हा चौदा मुले येऊ लागली. मोबाइल अजून आहे. पुडे विकणारे दुकानही आहे. त्या दुकानदाराने आता काउंटरवर फुटाण्यांची आणि गुळ-शेंगदाण्याच्या लाडवांची बरणी ठेवली आहे, आणि ती रिकामी होते.

आणि तो मुलगा? नोव्हेंबरमध्ये पुन्हा तपासणी झाली. रक्त वाढले आहे. ते नुसत्या शेंगदाण्याने वाढले, असे मी म्हणणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, जंताची गोळी दिली गेली. डॉक्टरांचे सांगणे आधी, आपला उपाय त्याच्या जोडीला. तुमच्या मुलाचे रक्त कमी निघाले, तर घरच्या घरी उपचार करत बसू नका. आरोग्य केंद्रात न्या. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १० तारखेला शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका. मुलगा अजून सडपातळच आहे. पण शाळेतून आला की आता दप्तर टाकतो, भाकरी-दूध खातो आणि तालमीकडे पळतो. त्याला कोणी सांगावे लागत नाही.

त्या घरी परवा गेलो होतो. आजी नेहमीच्या जागी बसली होती. मी विचारले, "आजी, चढलं का मास?"

ती म्हणाली, "चढंल हळूहळू. तुमाला तीस वर्सं लागली की हितं यायला."

खरे बोलली. मला रागही आला नाही. आता मी जिथे जातो तिथे पिकाची चर्चा झाली की शेवटी एक ओळ फळ्यावर लिहितो. आधी तांब्या, मग कॅन. लोक हसतात, पण वहीत उतरवून घेतात.

मंडळी, कोल्हापूरला जाल तेव्हा खासबाग बघा, गंगावेशीत दूध प्या, कऱ्हाडहून वाकडी वाट करून गोळेश्वरला खाशाबांच्या घरावरची पाटी मुलांना वाचून दाखवा. पण त्याआधी आपल्याच गावात मारुतीच्या देवळाशेजारी जाऊन या. तिथली खोली उघडून आत काय ठेवले आहे ते पाहा. पोती असतील तर ती हलवायला कोणाची परवानगी लागते, याची चौकशी आज संध्याकाळीच करा. किल्ली बहुतेक अशाच कुठल्यातरी आबांकडे असेल.